गाडी तुमची, बिल कुणाचं?

हिंजवडीत चहाच्या टपरीवर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये आणि गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे. गाडीवर पैसे घालायचेच तर दिसण्यावर घालावेत की पळण्यावर? दिसणंवाल्यांना मॅगव्हील्स, रॅप, स्पॉयलर, टपावरचा रॅक हवा असतो. पळणंवाल्यांना रिमॅप, मोठा एअर फिल्टर, डाउनपाइप आणि कडक सस्पेन्शन हवं असतं. दिसणंवाले म्हणतात, 'एवढे पैसे घातलेस आणि गाडी दिसते कंपनीचीच!' पळणंवाले उलट टोमणा मारतात, 'बडा घर, पोकळ वासा.' मग कुणीतरी यूट्यूबची लिंक टाकतो, कुणीतरी ग्रुप सोडतो, आणि आठवड्याने पुन्हा पहिल्यापासून.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा वाद खोटा आहे. त्यातही पळणंवाल्यांची, म्हणजे बहुतकरून आम्हा इंजिनिअर मंडळींची बाजू जास्त खोटी आहे. आणि दोघांच्या भांडणात जो प्रश्न विचारायला हवा तो कुणीच विचारत नाही: गाडीत केलेल्या बदलाचं बिल शेवटी भरतं कोण?

पळणार कुठे?

वाकडच्या पुलापासून फेज थ्रीपर्यंत साधारण आठ किलोमीटर अंतर आहे. संध्याकाळी ते चाळीस मिनिटांत कापलं तर मी तो दिवस चांगला मानतो. भागाकार करा, ताशी १२ किलोमीटर येतात. पावसाळ्यात, माणच्या बाजूला रस्त्याचा ओढा झाला की हा आकडाही स्वप्नवत वाटतो. ह्या रांगेत, मेट्रोच्या खांबांच्या सावलीत, पहिल्या गिअरमध्ये इंच-इंच सरकणारी एखादी 'स्टेज वन' केलेली पोलो हमखास दिसते.

पोलोचं नाव मुद्दाम घेतलं. ती आपल्या पट्ट्याची लाडकी गाडी आहे. फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्याचं उद्घाटन २००९ साली झालं, २०१० मध्ये पोलो बाजारात आली आणि २०२२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं टर्बो इंजिन होतं, १०५ पीएस ताकद आणि १७५ एनएम टॉर्क. त्या काळात एवढ्याशा गाडीला ही ताकद म्हणजे चैन होती. तरी लोकांना ती पुरली नाही. तीस-चाळीस हजार रुपये देऊन लॅपटॉप लावायचा आणि आणखी वीस-पंचवीस घोडे मिळवायचे, हा आमच्यातल्या अनेकांचा दिवाळी बोनसचा ठरलेला कार्यक्रम झाला.

मी इंजिनिअरिंग करून पोटापाण्यासाठी गाड्यांचंच सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे रिमॅपबद्दल दोन शब्द सांगू शकतो. इंजिन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे ईसीयूमध्ये तक्ते असतात. किती आरपीएमला टर्बोने किती दाब द्यायचा, किती इंधन फवारायचं, ठिणगी नेमकी केव्हा पाडायची, हे त्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. कंपनी हे आकडे भरताना हात राखून भरते. का? कारण तीच गाडी नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारीही चालायला हवी आणि लेहच्या विरळ हवेतही. आडगावच्या पंपावरचं संशयास्पद पेट्रोल तिला पचायला हवं. ऑइल बदलायला दोनदा विसरलेला मालकही तिने सहन करायला हवा. ट्यूनर हे राखून ठेवलेलं खर्च करून टाकतो. म्हणजे नवे घोडे कुठून येत नाहीत, तुमच्याच इंजिनचा विमा मोडून त्याचे पैसे हातावर ठेवले जातात. ज्याला हे कळतं आणि तरी करायचं आहे, त्याने खुशाल करावं. पण ह्याला 'शुद्ध इंजिनिअरिंग' म्हणून मिरवू नये.

आणि मिळवलेले घोडे पळवायचे कुठे? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाट भागात कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. शोरूममधून निघालेली साधी अल्टोसुद्धा शंभरचा वेग गाठते. कायद्यात बसणारा कमाल वेग देशातल्या सगळ्यात स्वस्त गाड्यांच्याही आवाक्यात असेल, तर वाढीव ताकद वापरण्याची दोनच ठिकाणं उरतात: रेसट्रॅक, किंवा कायद्याच्या बाहेरचा रस्ता.

इथे आपल्या पट्ट्याची खरी शोकांतिका सुरू होते. पिंपरीत टाटा, आकुर्डीत फोर्स, चाकणमध्ये महिंद्रा, बजाज, फोक्सवॅगन, रांजणगावला जीप. गाड्यांचं डिझाइन आणि सॉफ्टवेअर करणाऱ्या केपीआयटी, टाटा टेक्नॉलॉजीज इथे हिंजवडीतच. देशातल्या गाड्यांची परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, जरी आपल्यातल्या निम्म्यांना एआरएआय म्हणजे सूर्यास्त बघायची टेकडी वाटत असली तरी. एवढं सगळं असलेल्या ह्या पट्ट्यात सामान्य माणसाला आपली गाडी कायदेशीरपणे जोरात चालवता येईल अशी जागा सहजासहजी मिळत नाही. पोलोच्या नावाने २०१० मध्ये शर्यतींची मालिका सुरू झाली, पण शर्यतीसाठी जावं लागायचं चेन्नई नाहीतर कोइमतूरला. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट २०११ चा. कंपन्यांच्या चाचण्यांसाठी बांधलेला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे पीथमपूरला, इंदूरजवळ. आपल्याकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अधूनमधून ड्रॅग रेस होते, तेवढीच.

म्हणून मी म्हणतो की हिंजवडीतला रिमॅप हेही एक प्रकारचं रेडियमच आहे. फक्त ते दिसत नाही, म्हणून ते लावणाऱ्याला सगळ्यांना तोंडाने सांगत फिरावं लागतं.

टायरबद्दल कुणी बोलत नाही

पळणंवाल्यांना खरोखर परफॉर्मन्सची काळजी असती तर वादात पहिला शब्द टायर आला असता. इंजिनची सगळी ताकद, ब्रेकचा सगळा जोर, वळणावरची सगळी पकड शेवटी तळहाताएवढ्या चार ठिपक्यांतून रस्त्यावर उतरते. टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर वापरलं नाही तरी वयाने कडक होतं. पुढच्या वेळी एखाद्या 'स्टेज टू' गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं जाईल, तेव्हा मान डोलावून झाली की खाली वाकून हे चार आकडे वाचा. कधी कधी फार करमणूक होते.

दिसणंवालेही टायरच्या बाबतीत धुतल्या तांदळाचे नाहीत. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो. त्याची बाजूची भिंत १३२ मिलिमीटर उंच. त्याऐवजी १७ इंची रिमवर २०५/४५ चा टायर चढवला, तर बाहेरचा घेर जवळपास तेवढाच राहतो, पण भिंत उरते ९२ मिलिमीटर. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली चार सेंटिमीटरची गादी तुम्ही पैसे देऊन काढून टाकली. भूमकर चौकातला एक खड्डा हा हिशेब एका आवाजात समजावून देतो. पण बघा, वाकलेल्या रिमचे पैसे ज्याचे त्यालाच भरावे लागतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

'छपरी' कोण?

आता दिसण्याची बाजू घेतो, कारण ती घ्यायला आमच्यातलं कुणी धजत नाही.

ह्या मातीत पळणं आणि दिसणं यांचं भांडण कधी नव्हतंच. चाकण, खेड, जुन्नर, मावळ हा बैलगाड्यांचा मुलूख आहे. पोळ्याला बैलाची शिंगं रंगतात, अंगावर झूल चढते, गळ्यात घुंगुरमाळा येतात आणि वाजतगाजत मिरवणूक निघते. यात्रेच्या दिवशी तोच बैल घाटात उभा राहतो. तेव्हा झूल नसते. भिर्रर्र झाली की पुढे घोडी, मागे बैल, आणि नंबर ठरतो सेकंदांच्या हिशेबावर. मिरवण्याचा दिवस वेगळा, पळण्याचा वेगळा, आणि दोन्हींचा मान आपापल्या जागी. पोळ्याच्या मिरवणुकीत शिरून 'पण हा पळतो किती?' असं विचारणाऱ्याला गावाने वेड्यात काढलं असतं. आम्ही रोज तेच करतो आणि स्वतःला जाणकार म्हणवतो.

नव्वदच्या दशकात जन्मलेल्यांना 'टारझन: द वंडर कार' आठवत असेल. २००४ च्या त्या सिनेमातली जांभळी गाडी दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने बनवली होती. खाली होती जुनी टोयोटा एमआर-टू. कवच नवीन, इंजिन जुनंच. म्हणून आपलं प्रेम काही कमी झालं का? कितीतरी जणांना गाड्यांचा नाद लागला तो असल्याच गाड्यांमुळे, इंजिनचे आकडे फार पुढे कळले.

चाकणच्या बाजूला एका रेडियमवाल्याच्या दुकानात माझ्या पुढे एक मुलगा उभा होता. वय बावीस-तेवीस, अंगावर एका व्हेंडर कंपनीचा निळा शर्ट, कंत्राटी कामगाराचं कार्ड गळ्यात. सेकंडहँड आय-टेनच्या मागच्या काचेवर आईचं नाव टाकून घेत होता, अक्षराभोवती वेलबुट्टी. मी उगाच म्हणालो, 'भारी दिसतंय.' तो हसला. म्हणाला, 'दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांना दारं बसवतो, सर. ही एकच आपली.'

ह्या वाक्यासमोर परफॉर्मन्सची कुठली बाजू मांडणार? गाडीवर स्वतःची खूण करावीशी वाटणं ही साधी माणसाची गरज आहे. ट्रकवाल्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या भागवली. रिक्षावाले भागवतात. ४१४१ चं 'दादा' आणि २१४ चं 'राम' करणारे भागवत होते. नवीन गाड्यांना २०१९ पासून सक्तीच्या झालेल्या एकसारख्या नंबरप्लेटने ती कलाकुसर बंद पाडली. ते योग्यच झालं, कारण नंबर वाचता आला पाहिजे. पण ती हौस समजून न घेता नुसतं नाक मुरडणं वेगळं.

आणि आपण नाक मुरडतो ते कुठल्या शब्दाने? 'छपरी.' रील्सखाली, मीम्समध्ये, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सर्रास. केटीएमची ड्यूक दिसली की हा शब्द तोंडात तयार असतो. ती ड्यूक बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनते. ती जोडणाऱ्या पोरांचं आणि ती हप्त्यावर घेणाऱ्या पोरांचं वय एकच आहे. हा शब्द छप्पर शाकारणाऱ्यांच्या नावाशी जोडला जातो. छप्परबंद ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतली जमात आहे. इंग्रजांनी ज्यांना गुन्हेगार ठरवलं त्यांच्यापैकी एकीचं नाव आपण मागच्या स्पॉयलरला चिकटवतो आणि त्याला 'टेस्ट'बद्दलचं मत म्हणतो.

दुसरा शब्द खास आपल्या भागातला: गुंठामंत्री. जमीन विकून फॉर्च्युनर घेतली, पुढे गार्ड लावला, मागे नाव लिहिलं, की आयटीवाल्यांना हसायला विषय मिळाला. पण ज्या फेज वन, टू, थ्रीमध्ये बसून आपण हसतो तिथे भातखाचरं होती. जमीन त्यांची गेली, पगारवाढ आपली झाली. त्यांच्या पैशाला मिरवणं म्हणायचं आणि आपल्या पैशाला 'क्लीन बिल्ड' म्हणायचं, ही सोय मोठी गोड आहे. राखाडी रंगाचा मॅट रॅप, काळे बॅज, जर्मन ब्रँडच्या स्प्रिंग्ज, ह्यातलं काय दिसण्यासाठी नसतं? फक्त ते कुणी बघायचं आणि कुणाला कळायचं हे ठरलेलं असतं. परफॉर्मन्सचा आग्रह हा पुष्कळदा आपली पायरी वरची आहे हे सांगण्याचा सभ्य मार्ग असतो.

बिल

इथवर वाचून दिसणंवाले खूश झाले असतील तर थोडं थांबा.

माझ्या मते गाडीतल्या कुठल्याही बदलाला एकच प्रश्न विचारायचा: त्याची किंमत कोण मोजतं? मालक स्वतः मोजत असेल, तर तो बदल शोभेचा असो की ताकदीचा, बाकीच्यांनी गप्प बसावं. रस्त्यावरचा दुसरा कुणी मोजत असेल, तर तो बदल कितीही देखणा किंवा कितीही 'टेक्निकल' असो, तो चुकीचाच.

ह्या चाळणीतून एकेक गोष्ट घालून बघा. काचेवरचं आईचं नाव, डॅशबोर्डवरचा गणपती, सीटकव्हर, रॅप: पास. सतरा इंची रिम: मणका तुमचा, पैसे तुमचे, पास. इंजिनचं आयुष्य कमी करणारा रिमॅप, गाडीने पीयूसीचे आणि उत्सर्जनाचे नियम पाळले असतील तर: इंजिन तुमचं, पास.

आता नापासांची यादी. पहिला नंबर हेडलाइटचा. हॅलोजन दिव्याच्या रिफ्लेक्टरचा आकार बल्बमधली तार नेमकी जिथे पेटते त्या जागेभोवती बेतलेला असतो. त्यात दोन-तीन हजारांचा एलईडी बल्ब खुपसला की उजेडाची जागा आणि आकार बदलतो, आणि जो प्रकाश रस्त्यावर पडायचा तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. लावणाऱ्याला पांढरंशुभ्र दिसतं म्हणून त्याला वाटतं, काम झालं. माण-मारुंजीच्या अंधाऱ्या रस्त्यावर समोरून स्कूटीवर येणाऱ्या नर्सला पुढची दोन सेकंदं काहीच दिसत नाही. ह्या बदलाला दिसणंवाले स्टाइल म्हणतात आणि पळणंवाले 'व्हिजिबिलिटी अपग्रेड'. दोघांचं एकमत झालेला हा एकमेव बदल असावा.

दुसरा सायलेन्सर. कारखान्यातून निघताना कारच्या आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे, मोठ्या बाइकची ८०. डेसिबलचं मोजमाप असं आहे की दहाने वाढलं की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. बुलेटचा 'पंजाबी' असो, 'इंदोरी' असो की कारचा व्हॉल्व्हवाला एक्झॉस्ट असो, रात्री साडेअकराला त्याची किंमत तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं मूल आणि त्याची आई मोजते. तिसरा, पुढचा लोखंडी गार्ड. त्याच्याविरुद्ध कारवाई करायला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं. टक्कर झाली की गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का खातो, गार्ड तो धक्का सरळ चालणाऱ्याच्या मांडीकडे पाठवतो आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही फसवू शकतो. चौथी, काळी फिल्म. सुप्रीम कोर्टाने ती एप्रिल २०१२ मध्ये बंद केली. आपल्याकडचे निम्मे चौक सिग्नलवर नव्हे तर नजरानजरीवर चालतात. काच काळी झाली की ती नजरच जाते.

आणि पाचवा, पळणंवाल्यांचा लाडका: कॅट काढणं, डिझेल गाडीचा डीपीएफ काढणं. धूर गाळणारे हे भाग काढले की गाडी मोकळा श्वास घेते असं म्हणतात. बरोबर आहे. गाडी घेते, मागचा रिक्षावाला घेत नाही. सॉफ्टवेअरने गाडीला खोटं बोलायला लावता येतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. डिझेल इंजिनांच्या धुराबद्दल फसवणूक उघडी पडल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली होती. तेव्हा आम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर कंपनीला शिव्या घालत होतो. आज तेच काम लॅपटॉप लावून करणाऱ्याला आम्ही 'ट्यूनर' म्हणतो आणि त्याच्यासोबत सेल्फी काढतो.

ज्यांना वाटतं हे सगळं दिवे आणि आवाजापुरतं आहे, त्यांनी १९ मे २०२४ ची रात्र आठवावी. कल्याणीनगरमध्ये एका पोर्शेने बाइकवरच्या दोघांना उडवलं. एक अल्पवयीन मुलगा ती चालवत होता असा आरोप आहे. गाडीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. तिथे ना सायलेन्सरचा प्रश्न होता, ना रेडियमचा. शहराच्या रस्त्यावर न मावणारी ताकद सरळ शोरूममधून आली होती. त्या रात्रीचं बिल आपल्याच वयाच्या, आपल्यासारखंच आयटीत काम करणाऱ्या एका मुलाने आणि एका मुलीने भरलं.

एकच काठी

मग कायदा काय करतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हे आणखी ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी किट, रंगबदल अशा मोजक्या गोष्टींची आरटीओकडे नोंद करून घेता येते. बाकी सगळ्याला एकच काठी.

सगळ्यांना एकच काठी असली की ती हाताशी येईल त्याच्यावर पडते. जप्त केलेल्या बुलेटच्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ आपल्याकडच्या कितीतरी शहरांच्या पोलिसांनी टाकले आहेत. बघायला मजा येते, मलाही येते. पण बटण दाबलं की गुरगुरणाऱ्या, शोरूममधूनच तशा आलेल्या महागड्या गाडीवर रोडरोलर फिरत नाही, कारण तिचा आवाज आरसीशी सुसंगत असतो. समोरच्याला आंधळं करणारा दिवा सहसा पकडलाच जात नाही. पीयूसीच्या टपरीत धूर तपासतात, उजेडाचा कोन आणि आवाज तपासत नाहीत. परिणाम असा की दिसायला भडक बदल पकडला जातो आणि घातक बदल सुटतो. म्हणजे कायदासुद्धा नकळत आमच्या त्याच खोट्या वादात एका बाजूला जाऊन उभा राहिला आहे.

घाट हवा

माझ्या मागण्या तीन आहेत आणि तिन्ही ह्याच पट्ट्याकडे आहेत.

पहिली, बदलांची यादी करा आणि तपासून परवानगी द्या. ज्या जर्मन कंपनीची पोलो चाकणमध्ये बनली तिच्या देशात टीयूव्हीसारख्या संस्थांकडून भाग तपासून घेता येतो, शिक्का मिळतो आणि गाडीच्या कागदावर नोंद होते. आपल्याकडे ही तपासणी करायचं ज्ञान पुण्याच्या टेकडीवर साठ वर्षांपासून बसलेलं आहे. फी घ्या, तपासा, आरसीवर चढवा.

दुसरी, पीयूसीच्या वेळी हेडलाइटचा कोन आणि सायलेन्सरचा आवाज मोजा. उपकरणं चंद्रावरून आणायची नाहीत.

तिसरी, पळायला जागा द्या. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात, कंपन्यांच्या वर्गणीतून, एक साधा ट्रॅक. महिन्यातून दोन रविवार, हेल्मेट, ॲम्ब्युलन्स, तिकीट. 'ह्याने पोरं आणखी बिघडतील' असं म्हणणाऱ्यांना बैलगाड्यांची आठवण करून देतो. २०१४ मध्ये कोर्टाने शर्यती बंद केल्या, तेव्हा पुणे जिल्ह्याने 'बरं, संपलं' म्हटलं नाही. लोक रस्त्यावर उतरले, राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती कायम केली. त्या शर्यती योग्य की अयोग्य हा वेगळा विषय आहे. पण पळण्याला जागा आणि नियम हवेत, म्हणून इतकी वर्षं लढणारा जिल्हा इंजिनांसाठी एक सभासुद्धा घेत नाही, ह्याचं मला नवल वाटतं. ट्रॅक झाल्यावर सगळे शहाणे होणार नाहीत, मान्य. पण बाणेरच्या हायवेवर मध्यरात्री गाडी ताणणाऱ्याला 'मग कुठे पळवू?' असं विचारायची सोय राहणार नाही.

आणि 'आधी खड्डे बुजवा, मग आम्हाला शिकवा' म्हणणाऱ्यांनाही उत्तर देतो. खड्डे बुजवायलाच हवेत. पण खड्ड्याने तुम्हाला समोरच्याच्या डोळ्यांत टॉर्च मारायला सांगितलेलं नाही.

सरकार हे सगळं करेल तेव्हा करेल. तोवर आज रात्री एक काम करा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी करा आणि लो-बीम लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड स्पष्ट दिसली आणि ती हेडलाइटच्या उंचीच्या खाली राहिली, तर उत्तम. उजेड विस्कटून वर चढत असेल, तर तो बल्ब काढा आणि कंपनीचा परत लावा. तुमची गाडी दिसणारी आहे की पळणारी, ह्यावर मग हवं तितकं भांडू.